घोड्याच्या केसानं पाडलेलं बोट

गोजर, राहणार शेणवा. माझ्या बहिणीची सासू. नाव पहिल्याच ओळीत टाकतो, म्हणजे मागाहून कोणी बोलायला नको की विपुलनं नाव दाबलं. तिनं माझ्या बहिणीचं नाव शेणव्यापासून किन्हवलीपर्यंत नेलं. मी तिचं एका कागदावर नेलं तर कोणाच्या पोटात दुखायला नको.

मी नववीत शाळा सोडलेली हाय. शुद्धलेखन बघायचं असंल त्यानं दुसरं काय तरी वाचावं. मला कुणालीताईबद्दल लिहायचंय. तिच्याबद्दल लोकांनी जे काय सांगितलंय ते मी ऐकलंय, आता माझं ऐका.

आमचं घर धसईला. भात आणि भेंडी. कुणालीताई माझ्यापेक्षा मोठी, बारावी पास. आमच्या घरात बारावीपर्यंत गेलेली ती पहिलीच. पण भेंडी तोडायला पण तीच पुढं. सकाळी हाताला फडकं गुंडाळून भेंडी तोडायची, क्रेट भरायचे, महादूच्या टेम्पोत चढवायचे, मंग आंघोळ करून कॉलेज. महादू म्हणजे आमच्या गावचा टेम्पोवाला, सगळ्यांचा भाजीपाला कल्याणला नेतो. अर्ध्या धसईच्या बायका त्याच्या टेम्पोला माल लावतात. हे ध्यानात ठेवा, ह्याच्यावरूनच पुढं आग लागली.

ताई ओरडत नाय. मी ओरडतो, आई ओरडते, बाबा तर गुरांवर पण ओरडतात. ती गप. एकदा बाजारात एक व्यापारी आमच्या भेंडीला जून बोलला, भाव पाडायला. मी त्याची कॉलर धरायला निघालो. ताईनं मला मागं सारलं आणि त्याच्यासमोर क्रेटच्या कडेला बसली. एक भेंडी उचलली, टोक मोडलं, कट्. दुसरी उचलली, कट्. भेंडी जून असली की टोक मोडत नाय, वाकतं, हे त्याला पण माहीत. ती मोडत राहिली. लोक जमले. तो बोलला, "अगो बस कर, माल खराब करतेस." ती बोलली, "जूनच हाय ना, मंग तुमचं काय जातंय?" शेवटी त्यानंच हात जोडले. अशी ती. मारत नाय, पण सोडत पण नाय.

तिचं लगीन शेणव्याच्या हरेशशी झालं. हरेश ठाण्याला एका कंपनीच्या स्टोअरला कामाला. आसनगावला बाईक लावतो, तिथून लोकल. माणूस वाईट नाय. नुसता आईचा. आई बोलली दिवस तर दिवस, रात्र तर रात्र. जमवलं राघोमामांनी, ते शेणव्याचेच, दोन्हीकडची लग्नं तेच जमवतात.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ताई आमच्याकडं आली. पोरगी झाली. गोरी, केसाळ, आवाज आमच्या बाबांसारखा. आणि दोन्ही हातांना करंगळीच्या बाहेरून एक एक जास्तीचं बोट. बोट म्हणजे काय, शेंगदाण्याएवढा कोंब, पातळ देठावर लटकलेला, पण त्याला नख होतं. दवाखान्यात डॉक्टर बोलल्या, घाबरायचं काय नाय, खूप पोरांना असतं. आमी घाबरलो पण नाय. बाबांनी तर तिथंच जाहीर केलं, ही भेंडी जास्त तोडणार.

पाचवीला सासरची आली. पाचवीची पूजा मांडलेली, पाटा ठेवलेला, दिवा लावलेला. गोजर आणि हरेशची बहीण वैष्णवी आत आल्या, बाळाला कुंची आणलेली. गोजरनं बाळाला मांडीवर घेतलं, कुंची घातली आणि दुपटं सारून हात बाहेर काढला.

तिचा चेहरा मी बघितला. आधी पांढरा झाला. मंग इकडंतिकडं बघितलं, आणि मंग काय तरी सापडल्यासारखा लाल झाला.

"ही सहा बोटं कुठून आली?"

ताई हसली. "देवाकडनं, आत्याबाई. डॉक्टर बोलल्या काय होत नाय."

"देवाचं राहू दे. धसईत सहा बोटांचं कोण हाय?"

खोली भरून बायका. एक जण तोंडाला पदर लावून फसकन हसली आणि बोलून गेली, "आमचा महादू टेम्पोवाला की."

बस. खरंच महादूच्या उजव्या हाताला सहा बोटं हायत. अख्खा बाजार त्याला त्यावरून चिडवतो. गोजरनं बाळ मांडीवरून उतरवून पाट्याजवळ ठेवलं, गरम भांडं ठेवतात तसं. वैष्णवीनं मोबाईल काढून बाळाच्या हाताचा फोटो मारला. मला वाटलं आत्या हाय, हौसेनं काढते. पूजेचा प्रसाद पण न घेता दोघी गेल्या.

दुसऱ्या दिवशी तो फोटो शेणव्याच्या ग्रुपवर. तिथून आमच्या ग्रुपवर. खाली कोणी तरी टेम्पोचं चित्र टाकलेलं. मी त्याला ओळखतो, तो मला आता बाजारात दिसला की गल्ली बदलतो. बदलूच दे.

हरेशचा फोन आला. ताईनं स्पीकरवर टाकला.

"कुणाली, आई काय बोलते ते खोटं हाय ना? तू सांग फक्त."

"तुला विचारावं लागतंय?"

"तसं नाय गो. पण लोक बोलतायत."

"मंग लोकांनाच विचार." आणि तिनं कट केला.

बारशाला तिकडून कोणी आलं नाय. आत्याशिवाय नाव कसं ठेवायचं म्हणून आई रडत बसली. ताईनं स्वतःच पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव सांगितलं. मनस्वी. आईला बोलली, "आत्यानं फोटो काढला ना, तिचं काम झालं."

मी बाईक काढली. दोन पोरं सांगून ठेवलेली, सायकलची चेन सीटखाली. हरेश आसनगावला उतरला की स्टँडवरच घ्यायचा, असं ठरलेलं. ताई दारात येऊन उभी राहिली, बाळ खांद्यावर.

"जा. मोड त्याचे हातपाय. मंग सगळी बोलतील, खरं असंल म्हणूनच भाऊ एवढा पिसाळला."

मी चेन फेकली. पण राग कुठं फेकणार? रात्री जेवण जाईना. महादूच्या बायकोनं त्याला घरात घ्यायचं बंद केलं होतं, तो टेम्पोत झोपायचा. आणि गोजर शेणव्यात दारोदार जाऊन सांगत होती, माझ्या पोराच्या गळ्यात दुसऱ्याचं बांधलं, आता फारकतच पाहिजे.

समीक्षा आली नसती तर काय झालं असतं माहीत नाय. समीक्षा ताईची बारावीची मैत्रीण, आता मुरबाडला एका दवाखान्यात नर्स हाय. बाळाला बघायला आली, हात उघडून बघितला, आणि चहा घेता घेता विचारलं, "हे कोणाकडचं?"

आई तडकली. "तू पण आता तेच विचार!"

"अहो काकी, तसं नाय. हे बोट घराण्यातनं येतं बहुतेक वेळा. म्हणून विचारलं."

"आमच्यात कोणाला नाय. ह्यांच्यात नाय, माझ्या माहेरी नाय."

"मंग तिकडं असंल."

"हरेशला पाच हायत," मी बोललो. "मी मोजलीत. लग्नात हळद लावताना."

"आता पाच हायत. जन्मला तेव्हा किती होती?"

समीक्षानं मंग नीट सांगितलं. तिच्याच शब्दांत सांगतो, कारण मला दुसरे येत नायत. आपलं अंग बारीक बारीक पेशींचं बनलेलं. त्या प्रत्येक पेशीत अंग कसं बनवायचं ते साठवून ठेवलेलं असतंय. डोळे कसे, केस कसे, बोटं किती. त्या एकेका सूचनेला जीन बोलतात. पोराला अर्धे जीन आईकडनं येतात, अर्धे बापाकडनं. काय काय गोष्टींना दोघांकडनं सारखा जीन यावा लागतो, तेव्हाच ते दिसतं. पण ह्या असल्या बोटाला बहुतेक वेळा एकाकडनं आला तरी पुरतो.

"आणि ज्याच्यात हाय त्याच्या सगळ्या पोरांना होणार असं पण नाय," ती बोलली. "नाणं उडवल्यासारखं. एकाला जाईल, दुसऱ्याला नाय. कधी कधी तर कोणातच नसतो आणि नव्यानं पण येतो. पण हे देठावर लटकलेलं बोट हाय ना, हे गावाकडं सुईणी लहानपणीच बांधून टाकायच्या. दोऱ्यानं, नायतर घोड्याच्या केसानं. रक्त बंद झालं की सुकतं आणि गळून पडतं. मुळाशी एक गाठ राहते फक्त. चामखीळ वाटते."

ताई बाळाला थोपटत होती. तिचा हात थांबला.

"हरेशला हाय," ती बोलली. "दोन्ही हातांना. करंगळीच्या बाहेरून, एकाच जागेवर. मी विचारलं होतं. बोलला, लहानपणापासनं चामखीळ हाय."

"दोन्ही हातांना एकाच जागी चामखीळ?" समीक्षा हसली.

ताई हसली नाय. ती कुठं तरी लांब बघत होती. मंग हळूच बोलली, "आत्याबाईंना पण हाय. भाकरी थापतात तेव्हा पिठात ठसा उठतो त्याचा."

पण एक गोष्ट डोक्यात शिरत नव्हती, ती मी विचारली. "बोट गळून पडलं ना? मंग गेलं ना ते? पडलेलं बोट पोरीत कुठून आलं?"

ताईनं माझ्याकडं बघितलं. "आपल्या शेळ्यांचे कान कोण कापतं?"

"मी." चरायला सगळ्यांच्या एकत्र जातात, ओळखायला आमी आमच्या शेळ्यांच्या डाव्या कानाला खाच मारतो.

"मंग करडं खाच घेऊन जन्मतात?"

मी एवढ्या जोरात हसलो की बाळ उठलं. दर वर्षी करडांचे कान मलाच परत कापावे लागतात आणि मला कधी सुचलं नव्हतं. बाहेरून कापलं म्हणून आतलं जात नाय. समीक्षा बोलली, एवढ्या सोप्या भाषेत तर आमाला पण शिकवलं नव्हतं.

ती अजून बोलली की डीएनए टेस्ट पण होते, हवी तर माहिती काढते. ताई बोलली, "मी कशाला परीक्षा देऊ? चोरी त्यांच्या हातावर हाय."

मी लगेच उठलो, आत्ताच शेणव्याला जाऊन गोजरला रस्त्यात हात वर करायला लावतो. ताई बोलली, "बस खाली. आज गेलो तर ती घरात तोंड लपवील आणि बाहेर काय पण सांगंल. तिला फारकत पाहिजे ना? तिलाच बैठक बोलवू दे. तिलाच माणसं जमवू दे. जेवढी जमवंल तेवढी बरी."

तेव्हा मला कळलं, मी रागावलेलो, पण ही माझ्याहून जास्त रागावलेली हाय.

बैठक धसईला मारुतीच्या देवळात झाली, रविवारी दुपारी. गोजरनं खरंच माणसं जमवली. शेणव्याहून दोन गाड्या भरून. राघोमामा मधी बसलेले, अंग चोरून, लगीन त्यांनीच जमवलेलं ना. गोजरचा नवरा देवराम खांबाला टेकून, तो कधी बोलत नाय. हरेश खाली मान घालून. आमच्याकडनं आमी घरचे आणि बघायला सगळं गाव.

गोजर बसली पण नाय. उभ्यानंच सुरू. "मला जास्त बोलायचं नाय. त्या टेम्पोवाल्याला बोलवा. त्याचा हात आणि ह्या पोरीचा हात बाजूबाजूला ठेवा. आंधळ्याला पण दिसंल."

"बोलवायला कशाला पाहिजे," मागनं आवाज आला. महादू गर्दीतच होता. दाढी वाढलेली. तो पुढं आला आणि हात सगळ्यांसमोर धरला. "घ्या, बगा. माझं लगीन पण मोडायची वेळ आणली तुमी."

ताईनं बाळाची मूठ उघडून त्याच्या हाताजवळ धरली. राघोमामा चष्मा लावून वाकले. आणि असे सरळ झाले जसं पाठीत कोणी टोचलं.

"ह्याचं अंगठ्याला हाय."

खरंच. महादूचं जास्तीचं बोट अंगठ्याला फुटलेलं. दुहेरी अंगठा. एकाच हाताला. बाळाची करंगळीच्या बाजूनं, दोन्ही हातांना. इतकी वर्षं आमी त्याला सहाबोट्या सहाबोट्या बोललो, कुठलं बोट सहावं ते कोणी बघितलंच नव्हतं. फोटो चार गावांत फिरला, पण बाजूला त्याचा हात ठेवून बघायचं कोणाला सुचलं नाय.

"बोट ते बोट," गोजर बोलली. पण आवाज उतरलेला.

"बरोबर," ताई बोलली. "बोट ते बोट. हरेश, तुझे हात दाखव."

"माझे?"

"राघोमामांना दाखव. करंगळी बाहेरून."

हरेशनं हात पुढं केले. राघोमामांनी त्याच्या करंगळीच्या कडेवरून अंगठा फिरवला, मंग दुसऱ्या हातावर, मंग बाळाच्या हातावर.

"चामखीळ हाय ती," हरेश बोलला. "आई, चामखीळच हाय ना?"

गोजरनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

ते सगळ्यांनी बघितलं. मी कधी विसरणार नाय. जी बाई एवढे दिवस माझ्या बहिणीकडं बोट दाखवत फिरली, तिला आता स्वतःची बोटं लपवायला जागा मिळेना.

ताई तिच्यासमोर जाऊन बसली. "आत्याबाई, हात."

"मी नाय दाखवत."

"मंग मी सांगू?"

देवराम त्या दिवशी पहिल्यांदा बोलला. "दाखव गो. मला पण बघू दे. इतकी वर्षं काय बघितलं मी."

तिनं हात काढले. आणि मंग ती जे बोलली ते मला वाटलं नव्हतं. मला वाटलं होतं खोटं बोलंल, शिव्या देईल. ती रडायला लागली.

"बांधली होती. माझ्या बापाला पण होती. माझी माझ्या आईनं, ह्याची मी. वरातीच्या घोड्याचा केस आणून सुईणीनं बांधली. सुकली, गळली, उकिरड्यात पुरली. सुईण बोलली, पुरली म्हणजे घराण्यातनं गेली. दोनदा पाडली ना! मंग ती परत येईलच कशी? माझ्या घरातनं गेलेली गोष्ट परत कशी येईल? म्हणून मी बोलले बाहेरची हाय!"

म्हणजे तिला खरंच वाटत होतं. तिच्या बापाला सहा बोटं, तिला सहा, पोराला सहा, आणि तरी तिला वाटत होतं केसानं बांधलं म्हणजे संपलं. लोकांना तिची दया आली. मला नाय आली. चूक समजूत असणं वेगळं, आणि त्या समजुतीवर दुसऱ्याच्या पोरीला बाजारात उभं करणं वेगळं.

"आमच्या शेळीचा कान कापलेला हाय, काकी," मी मोठ्यानं बोललो. "करडाचा नाय कापलेला. म्हणून बोकडानं शेळीला फारकत दिली नाय अजून."

मागची पोरं फुटली. राघोमामा ओरडले, पण ते पण हसत होते. वैष्णवी पुटपुटली, "मंग मला का नाय?" ताईनं तिच्याकडं न बघताच सांगितलं, "तुला आला नाय. नाणं दुसरीकडं पडलं. ह्यात तुझी काय कमाई नाय."

राघोमामांनी मंग नेहमीचं सुरू केलं. झालं ते झालं, गैरसमज होता, हरेश घेऊन जा बायको-पोरीला, बोट पण बांधून टाकू, विषय संपला.

"बोट बांधायचं नाय," ताई बोलली. "डॉक्टर बोलल्या नीट कापून काढता येतं. पण ते मनस्वी मोठी होऊन बघंल. आणि मी आज येत नाय."

हरेश बोलला, "कुणाली, मी पाया पडतो."

"तू गप. तू फोनवर विचारलंस, तेव्हाच तुझं माझं झालं काय ते. तुझं मागाहून बघू." मंग ती गोजरकडं वळली. "तुमी ज्या ज्या दारात जाऊन माझं नाव घेतलं, त्या त्या दारात परत जायचं. हात उघडे करून दाखवायचे आणि बोलायचं, बोट माझ्याकडनं गेलंय, माझ्या सुनेनं काय केलं नाय. पहिलं दार महादूच्या घराचं. विपुल बरोबर येईल. तो काय बोलणार नाय."

ती मला बोलली, तो काय बोलणार नाय. हीच मला शिक्षा.

महादूच्या दारात गोजर उंबऱ्याबाहेर उभी राहिली, हात पुढं करून. महादूच्या बायकोनं ते बघितले, महादूकडं बघितलं आणि त्याचा टॉवेल परत घरातल्या खुंटीला लावला. मंग शेणवा. गावात मी बाईक हळू चालवत मागं, ती पायी पुढं. एकेका दारात तेच. काही बायका बोलल्या, अगो राहू दे, कशाला. काहींनी हात धरून गाठ चाचपून बघितली, बाजारात कैरी बघतात तशी. मी तोंड गच्च मिटलेलं. गोजर वाक्य अर्धं सोडायला गेली की मी बाईकचा हॉर्न मारायचो. हॉर्न म्हणजे बोलणं नाय.

एका दारात गीताबाई नावाची म्हातारी बसलेली, गोजरच्या माहेरच्या गावची. तिनं हात बघितलाच नाय. "मला कशाला दाखवतेस? तुझ्या बापाचं माहीत हाय मला, तुझं पण. तुझं पडलं त्या दिवशी मी तिथंच होते."

तेव्हा मला ताईनं माझ्यासाठी दिलेला शब्द पाळता आला नाय. "मंग आजी, माझ्या बहिणीला नावं ठेवत होते तेव्हा तुमी कुठं होतात?"

"इथंच होते."

"बोलला का नाय मंग?"

"मला कोणी इचारलं?" ती बोलली आणि तांदूळ निवडायला लागली.

हिचं पण नाव मी म्हणूनच लिहिलं.

ताई महिन्यानंतर शेणव्याला गेली. हरेश चार वेळा रिकामा परतला, मंग. लोक बोलले, कुणाली मोठ्या मनाची, माफ केलं. मला हसू येतं. रोज सकाळी ती मनस्वीला सासूच्या मांडीवर देते आणि तेलाची वाटी बाजूला ठेवते. गोजरनं आंघोळीआधी नातीला तेल लावायचं, पायाच्या नखापासून हाताच्या टोकापर्यंत, ते कोंबाचं बोट पण नीट चोळायचं, न चुकता. ताई समोर चुलीजवळ बसून बघते. मनस्वी आजीचा अंगठा घट्ट पकडते, ती सगळ्या हातानं.

मी पण जातो, भाचीसाठी. ओटीवर बसतो. उन्हाचा धसईवरनं बाईक मारत जातो, जीभ टाळूला चिकटलेली. गोजर तांब्या आणून ठेवते. मी बोलतो, तहान नाय. ती उभी राहते जरा वेळ, मंग तांब्या उचलून आत नेते. परत गेलो की परत आणते.